उरलेल्या कणकेची चानकी

यंदा तूप लवकर थिजलं. आकाशकंदील अजून लोकांच्या गॅलऱ्यांत लटकताहेत आणि इकडे ओट्यावरच्या बरणीत चमचा ताठ उभा राहायला लागला. नाशिकची थंडी आमच्याकडे अशी स्वयंपाकघरातून शिरते. आधी तूप धरते, मग खोबरेल, मग माझ्या बोटांची पेरं. सकाळी खिडकी उघडली की नदीकडून आलेल्या धुक्यानं समोरच्या बिल्डिंगचे खालचे दोन मजले पुसून टाकलेले असतात आणि वरच्या मजल्यावरची माणसं खाली काहीच आधार नसताना कपडे वाळत घालत असतात. आमचे हे म्हणतात, काय सुरेख हवा पडली आहे. यांना फिरायला जायचं असतं, यांना सगळीच हवा सुरेख वाटते. मी काल राजम्याचा डबा काढला, ओंजळभर राजमा ताटलीत घेतला, निवडला आणि परत डब्यात ओतून ठेवला.

राजम्याची आणि थंडीची गाठ आमच्या घरात वसुधाताईंनी घातली. वसुधाताई म्हणजे माझी थोरली नणंद. वीसेक वर्षं अमेरिकेत काढून त्या दोन हजार दोन सालच्या थंडीत आमच्या पंचवटीतल्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या. मुग्धा, माझी मुलगी, तेव्हा बारावीला. दसऱ्याच्या सुमाराला तिला टायफॉईड झाला, त्यानं आमची दिवाळी खाल्ली. ताप उतरला तेव्हा पोरीच्या गालांची हाडं वर आली होती आणि केस विंचरले की फणी भरत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा ताप उलटतो, आणि आता उलटला तर हिच्या अंगात झुंजायला काही उरलेलं नाही. औषधाचं काम संपलं, यापुढे सगळं जेवणावर. म्हणजे माझ्यावर.

आणि मुग्धा जेवत नव्हती. सकाळी कॉलेज, तिथूनच परस्पर क्लास, घरी यायला दिवेलागण. दिवसभराचा आधार म्हणजे एक डबा, आणि तो जसा दिला तसा परत यायचा. पोळीभाजीचा तिला वास सहन होईना. मी थालीपीठ केलं, धिरडं केलं, पराठ्यात पालेभाजी लपवली. गोड बोलून झालं, रागावून झालं, एकदा तर मी रडूनही दाखवलं. ढिम्म. वसुधाताई दोन दिवस हे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, वहिनी, हिला बरिटो करून देऊ.

मला आधी वाटलं, बिस्किटाचा प्रकार असेल. बरिटो म्हणजे मोठी मऊ पोळी, तिच्यात शिजवून घोटलेला राजमा, थोडा भात, कच्च्या भाज्या, वर दह्याचा चक्का, आणि सगळं गुंडाळून मुटका. ताटात जे जे वाढायचं ते एका हातात मावतं, कडधान्य, धान्य, भाजी, दही, काही सुटत नाही, असं ताईंनी व्याख्यान दिलं. मी मनात म्हटलं, म्हणजे आपली सुरळीच की. लहान मुलाच्या हातात आपण तूपसाखर लावलेल्या पोळीची सुरळी देतोच ना? पण वन्सं सांगताहेत तर ऐकावं. ताईंना मैदा हवा होता. मी म्हटलं, टायफॉईडमधून उठलेल्या पोरीला मैदा देणार नाही. मग दुधात भिजवलेली कणीक, तिच्यात मूठभर नाचणी. राजम्याला जिरं आणि लसूण, मिरची नावापुरती. तांदूळ हातसडीचा. कोबी आणि गाजर मी जरा वाफवूनच घ्यायचे, कारण तिच्या आतड्यांचा मला भरवसा नव्हता. पोळी अर्धवट भाजून लगेच फडक्यात झाकायची, तरच ती गुंडाळताना फुटत नाही.

गुंडाळणं हीच त्यातली खरी कला, असं ताई म्हणाल्या, जमायला वेळ लागतो. खालची कड वर घ्यायची, डावी-उजवी बाजू आत मुडपायची, मग सरकवत पुढे न्यायचं आणि शेवटचं टोक खाली दाबून टाकायचं. मला पहिल्याच फटक्यात जमलं. तान्ह्या बाळाला दुपट्यात असंच बांधतात. माझ्या हातांना ते आठवत होतं, आणि ताईंनी माझ्या हातांवरची नजर काढून डबा पुसायला घेतला.

डब्यात तीन बरिटो अगदी मापून बसले. मी झाकण लावणार, तेवढ्यात ताईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, तीन नको. आई कधी तीन पोळ्या वाढू द्यायची नाही. तीन तिगाडा काम बिगाडा हे कामाधामाचं झालं, पण पानात तीन पोळ्या पडल्या की ते पान जिवंत माणसाचं राहत नाही, असं माझ्या सासूबाई मानत. अमेरिकेत राहून या बाईंनी काटे-चमचे स्वीकारले, गार दूध स्वीकारलं, पण तीन पोळ्या काही स्वीकारल्या नव्हत्या. मला हसू आलं. पण दुखण्यातून उठलेल्या पोरीचा डबा होता, म्हणून हसले नाही. परातीत कणकेचा एवढासा गोळा उरला होता. त्याची तळहाताएवढी चानकी लाटली, तिच्यात चमचाभर राजमा घालून बोटाएवढा चौथा बरिटो केला आणि कोपऱ्यात खोचून दिला. चौथा झाला, दोष गेला. ताईंनी समाधानानं मान हलवली.

त्या संध्याकाळी डबा रिकामा आला. मी देवापुढे साखर ठेवली.

पुढे रोजच डबा रिकामा यायला लागला. ताई आपल्या विजयात मग्न, पाहुण्यांना सांगत सुटल्या. मीसुद्धा हरखले होते. एका संध्याकाळी मुग्धा हातपाय धुऊन आली आणि सहज म्हणाली, "आई, तो छोटा रोल असतो ना, त्यात तिखट नको घालूस. तिला लागतं."

कुणाला, म्हणून विचारलं. तर म्हणे, जेवायच्या सुट्टीत एक लहान मुलगी येते. कॉलेजच्या मागच्या बाजूला पारिजातकाखाली मुग्धा एकटीच बसायची, कारण मैत्रिणींचा कलकलाट तिला सोसत नव्हता. मागेच एका इमारतीचं बांधकाम चाललं होतं. मजुराचं लेकरू असेल, असं ती म्हणाली आणि मलाही ते पटलं. एवढ्या आजारातून उठलेली आपली पोर दुसऱ्याच्या मुलाला घास देते, याचं मला कौतुकच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी चानकीला तूप आणि साखर लावायला लागले. तीन बरिटो राजम्याचे आणि चौथी तूपसाखरेची सुरळी.

ती तूपसाखर सुरू झाल्यावर काही दिवसांनी मुग्धा हसत हसत सांगत होती. तिला हसताना बघून किती दिवस झाले होते. "आई, ती इतकी वेडी आहे. सुरळी उलट्या बाजूनं खाते. तूप खाली ओघळत कोपरापर्यंत येतं. मग ती कोपर चाटायला जाते आणि जीभ पोचत नाही म्हणून रडायला लागते."

मी कोथिंबीर निवडत होते. मी निवडत राहिले. काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकत होते, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

मुग्धाच्या आधी मला एक मुलगी होती. रेवा तिचं नाव. यांची नोकरी तेव्हा नांदगावला होती. दोन वर्षांची होत आली होती, नुकते शब्द फुटत होते, आणि अशाच एका थंडीत तापानं गेली. तूपसाखरेची सुरळी ती खालच्या टोकाकडून खायची. कोपर चाटायला जायची, जीभ पोचायची नाही, आणि ती कोपरावर रागावून रडायची. हे मला माहीत होतं, यांना माहीत होतं आणि वसुधाताईंना पत्रातून कळवलेलं होतं. मुग्धाला रेवा होऊन गेली हेच माहीत नव्हतं. ते तिला सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी तिच्या जन्माच्या वेळीच ठरवलं होतं. एकही फोटो बाहेर ठेवला नव्हता. ताईंना मी त्याच संध्याकाळी गाठून विचारलं. त्यांनी मुलाबाळांची शपथ घेतली. चेहरा बघून कळत होतं की खरं बोलताहेत.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझं पुढचं वागणं कळायचं नाही. एवढ्याशा मुलांना अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. त्यांचे दिवस घालत नाहीत, श्राद्ध करत नाहीत, त्यांच्या नावानं पान वाढत नाहीत. रेवा गेली तेव्हा मी विचारलं होतं, तर मोठी माणसं म्हणाली, लहान मुलांचं काही करायचं नसतं, ती सरळ सुटतात. पुढे आम्ही नाशिकला आलो. आमच्या घरापासून रामकुंड हाकेच्या अंतरावर. कुठून कुठून लोक येतात, मुंडण करतात, ओल्या कपड्यानं बसून आपल्या गेलेल्या माणसांना भाताचे गोळे देतात आणि मोकळे होऊन भेळ खायला जातात. मी एकदा भाजी आणायला निघाले होते, ती तशीच पिशवी घेऊन एका गुरुजींपुढे उभी राहिले. गुरुजी भले होते. म्हणाले, बाई, त्या जिवाला कसलंच देणंघेणं नाही, त्याला अन्न पोचवायचा विधीच नाही. आणि मला म्हणाले, तुम्ही निश्चिंत असा. साऱ्या देशानं आपल्या मेलेल्या माणसांना जेवू घालायला यावं अशा गावात मी राहते आणि माझ्या मुलीला माझ्या हातचा घास द्यायला मला तिथीसुद्धा नाही. निश्चिंत कसली असते मी?

म्हणून मग मी चानकी करत राहिले. भीती वाटत नव्हती असं नाही. सकाळी परातीपुढे बसले की पाठीमागून कुणीतरी पदर धरल्यासारखं वाटायचं, आणि वळून बघायचा धीर व्हायचा नाही. पण हात भराभर चालायचे. आधी चानकी लाटायची, मग मोठ्या पोळ्या. तूप पातळ करायला वाटी तव्याशेजारी ठेवायची. साखर बारीक दळून घ्यायची, कारण तिला दाणे आवडायचे नाहीत. त्या दिवसांत मी सुखात होते. हे ऐकायला बरं नाही वाटत, पण तसंच होतं.

भुतंखेतं रात्रीची, असं लोक म्हणतात. त्या थंडीनंतर मला दुपारचीच धास्ती वाटते. डिसेंबरातलं ऊन बाराच्या सुमाराला पांढरं पडतं. झाडाची सावली बुंध्याशी गोळा होते, कुत्री जिथल्या तिथे आडवी होतात, रस्त्यावर कुणी नसतं. अजूनही त्या वेळेला मी घरात रेडिओ लावून ठेवते.

एका रविवारी मुग्धाला बरोबर घेऊन मी बाजारात गेले. मखमलाबादकडची एक भाजीवाली, तिच्याकडून मी नेहमी कोबी घ्यायचे. तिनं मुग्धाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, पोरगी लय वाळली हो. खाती का नाय काही?" मी म्हटलं, खाते की, डबा रोज संपतो. तिनं टोपलीतला एक पेरू मुग्धाच्या हातावर ठेवला, मग दुसरा उचलून मला दिला. "हा धाकटीला," ती म्हणाली. मी काही विचारायच्या आत तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तराजू उचलला. बाजारात शंभर पोरं फिरत असतात, त्यातलं एखादं आमच्या मागे उभं असेल. पण घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. रेवा खरं तर थोरली. ती तेवढीच राहिली, मुग्धा वाढत गेली, आणि माझी थोरली मुलगी कधी धाकटी होऊन बसली ते मला कळलंच नाही.

भाजीवालीनं म्हटलेलं मात्र खरं होतं. डबे रिकामे येत होते आणि पोर वाळत होती. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकत होतं. एके दिवशी संध्याकाळी तिचं कपाळ कोमट लागलं. थर्मामीटरनं फारसं काही दाखवलं नाही, पण मी नांदगावची ती पहिली संध्याकाळ विसरलेली नव्हते. तीही अशीच कोमट होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजात गेले. मागचं बांधकाम बघितलं तर घमेली उपडी पडलेली, वाळूच्या ढिगावर गवत उगवलेलं. राखणदार म्हणाला, काम दिवाळीच्या आधीपासून बंद आहे, इथे लेकराबाळांचं बिऱ्हाड एकही नाही. मी भिंतीच्या कडेनं पुढे गेले आणि पारिजातकाच्या अलीकडे थांबले. मुग्धा पाठमोरी बसली होती. तिनं डबा उघडला, मोठे तिन्ही बरिटो एकेक करून कॉलेजच्या कुत्र्याला टाकले आणि सुरळी डब्याच्या झाकणावर ठेवून झाकण आपल्या शेजारी ठेवलं. मग ती गुडघ्यावर हनुवटी टेकून त्या बाजूला बघत बसली. अधूनमधून काहीतरी बोलत होती, हसत होती. मला तिथे कुणीही दिसलं नाही. रस्त्यावर एका स्कूटरचा आवाज आला म्हणून मी क्षणभर तिकडे पाहिलं. परत वळले तेव्हा झाकण रिकामं होतं. कावळा असेल, खार असेल. कुत्रा नव्हता, कुत्रा दूर भिंतीशी अंग चोरून उभा होता.

मी पुढे जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली नाही. मी विचारलं, अगं, तू स्वतः का खात नाहीस? तिनं माझ्याकडे इतक्या शांतपणे बघितलं. "मला भूकच लागत नाही, आई. ती खाताना बघितलं की पोट भरतं."

हे वाक्य माझं होतं. सगळ्या आयांचं असतं. सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी ते ऐकून मी तिचा रिकामा डबा उचलला आणि झाकण घट्ट लावलं.

घरी आले आणि बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. यांना काही बोलले नाही, ताईंनाही नाही. कुणी मांत्रिक सुचवला असता, कुणी मानसोपचार. माझा प्रश्न त्याहून साधा होता. माझ्या दोन मुली एका डब्यातून जेवत होत्या आणि डबा एकीलाच पुरत होता. जी गेली तिला आता काही व्हायचं नव्हतं. जी होती ती चालली होती. हिशेब तोंडपाठ होता, आणि तरी सकाळपर्यंत माझा निर्णय होत नव्हता, कारण एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच रेवा माझ्या हातचं खात होती.

सकाळी मी कणीक बेताची भिजवली. दोनच पोळ्या लाटल्या, मोठ्या, ताटभर. राजमा, भात, भाजी, चक्का, दाबून भरलं. दोन बरिटोंनी डबा गच्च झाला, कोपरा म्हणून उरला नाही. परातीला कण चिकटला होता तोही निपटून पोळीला लावला, म्हणजे चानकी करायला काही शिल्लक राहू नये. तुपाची बरणी मी कपाटात ठेवली. पाठीमागे कुणीतरी उभं होतं, तव्याची धग लागावी इतकं जवळ. मी वळले नाही. मी एवढंच म्हटलं, "आता नको गं राजा. आता हिला जेवू दे."

दिवस कसा गेला ते सांगत नाही.

दिवेलागणीला मुग्धा आली. आल्या आल्या म्हणाली, भूक लागली आहे, काय आहे खायला? माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. दोन्ही बरिटो तिनं खाल्ले होते. मी गरम वरणभात वाढला, तोही ती चाटूनपुसून जेवली. मी समोर बसून बघत होते आणि मला रडू येत होतं, ते कशाचं हे तिला कळणार नव्हतं. शेवटचा घास झाल्यावर तिनं बोट ताटात तसंच ठेवलं.

"आई, आज ती आली होती."

मी म्हटलं, "मग?"

"तिनं डब्यात बघितलं. मग झाकणात बघितलं. आणि मला म्हणाली, ‘मला?’"

मी विचारलं, "तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, उद्या."

त्यानंतर मुग्धाला ती मुलगी पुन्हा दिसली नाही. ताप उलटला नाही. संक्रांतीपर्यंत गाल भरले, मार्चात तिनं परीक्षा दिली, आता ती हैदराबादला नोकरी करते आणि फोनवर माझ्यावरच ओरडते की आई, तू वेळेवर जेवत नाहीस. मी जे केलं ते पुन्हा करीन. उरलेल्या कणकेची चानकी मात्र मी त्या दिवसानंतर कधी लाटली नाही, कणीक उरली तर गाईला घालते.

फक्त तो शब्द मुग्धानं द्यायला नको होता. तिचा काय दोष, तिला कुठे ठाऊक होतं. रेवाला त्या वयात मोजके शब्द कळत होते, त्यात ‘उद्या’ होता, कारण मी तो तिला सारखा सांगायचे. बाजारात फुगा मागितला, उद्या. आणखी साखर मागितली, उद्या. दुसरी मुलं अशा वेळी लोळण घेतात. रेवाचं तसं नव्हतं. ‘उद्या’ म्हटलं की ती लगेच गप्प व्हायची, जिथे असेल तिथेच मांडी घालून बसायची, आणि उठायला सांगेपर्यंत उठायची नाही.